मुद्देमाल छपरावर

नोकरीतून मोकळा होऊन इतकी वर्षे झाली. किती गुन्हे उलगडले आणि किती तसेच राहिले, याचा ताळमेळ आता डोक्यात राहिलेला नाही. पण मंडी मोहल्ल्यातले ते छपराचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे समोर उभे राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात छापून यावे असे काहीच नव्हते. तरीही घरी पाहुणे आले की माझी पत्नी मला तीच हकिकत सांगायला लावते आणि अर्ध्यावर आली की माझ्या तोंडून काढून घेऊन स्वतःच सांगू लागते. तिचा तो हक्कच आहे, कारण खबर तिनेच आणली होती. नावे मी कोणाचीच देत नाही. ज्याने गुन्हा केला त्याची मुलेबाळे आज मानाने राहतात, त्यांना त्रास का द्यावा?

त्या काळी मी महाराजांच्या पोलिसात होतो आणि म्हैसूर शहरातले मंडी मोहल्ल्याचे ठाणे माझ्याकडे होते. आमचे घराणे मूळचे शिलेदारांचे. पणजोबा घोड्यावर बसून या मुलखात आले, आजोबांनी घोडा विकला, वडील कचेरीत कारकून झाले आणि मी पोलिसात शिरलो, म्हणजे आम्ही घोडदळातून पायदळात उतरलो. घरी आम्ही मराठी बोलतो. ती ऐकून पुण्याकडचा माणूस हसतो, कारण तिच्यात कानडी भरपूर मिसळलेली. आमच्यासारखी जुन्या शिपायांची घरे बाजारामागच्या गल्ल्यांत पुष्कळ होती. घरे ठेंगणी, नळीच्या कौलांची, पण आत तुळया आणि वासे अस्सल सागाचे. म्हातारी माणसे म्हणत, घोडा गेला, तलवार गंजली, पण साग आहे तसा आहे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस एका दुपारी चामुंडीच्या डोंगराकडून वारा सुटला आणि पाठोपाठ गारा कोसळल्या. आमच्या बाजूला वळवाचा पाऊस नवा नाही, पण असा मारा मी पाहिला नव्हता. कौले पापडासारखी फुटली. चिंचेची झाडे आडवी झाली, बाजारातल्या दुकानांची छपरे उडून शेजारच्या गल्लीत पडली. ठाण्याचेही छप्पर गळू लागले. आमच्या रायटरने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, सगळे दप्तर कोठडीत नेऊन ठेवले, कारण कोरडी जागा तेवढीच उरली होती, आणि कोठडीतल्या एकुलत्या एका आरोपीला, पिरियापट्टणच्या एका शेळीचोराला, त्याने दप्तरावर नजर ठेवायला सांगितले. त्या माणसाने ते काम इमानाने केले हे नमूद केले पाहिजे.

पुढचे काही दिवस ठाण्यात फिर्यादी कमी आणि गाऱ्हाणी जास्त. शेजाऱ्याचे झाड माझ्या भिंतीवर पडले, आता लाकूड कोणाचे? माझी कौले उडून त्याच्या अंगणात गेली, तो परत देत नाही. अशी भांडणे मिटवता मिटवता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. एरवी भाजीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस, डोक्यावरचे छप्पर गेले की भोळा होतो. रस्त्याने जाणारा कोणीही वर पाहून 'च् च्' करू लागला की तो त्याला आत बोलावतो, पाणी देतो आणि घरभर फिरवून दाखवतो. घाबरलेल्या माणसाला धीर देणाऱ्याचा चेहरा पारखण्याचे भान राहत नाही, आणि लबाड माणसाला हे पुरते ठाऊक असते.

अशात एक दिवस जेवताना पत्नी म्हणाली, "अहो, मागच्या गल्लीतल्या आक्कांच्या घराचं काही ऐकलंत का?"

"गारांनी कौलं फुटली असतील. सगळ्यांचीच फुटलीत."

"कौलं फुटणं वेगळं. त्यांच्या घराला आता वरती काहीच नाही. मेस्त्री आला, सगळं उतरवून घेऊन गेला, तो आलाच नाही परत. मी देवळात ऐकलं. आणि लेक बाळंतपणाला आलेय त्यांची."

आमच्याकडे सुतार-गवंड्यांच्या मुकादमाला मेस्त्री म्हणतात. मी हातातला घास तसाच ठेवला. या आक्का म्हणजे एका जुन्या बारगिराची विधवा. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणे. एकच मुलगी, ती सरगूरला दिलेली. पहिलेच बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी आली होती. "मग ठाण्यात का नाही आल्या?" मी विचारले.

"तुम्हीच जाऊन विचारा," पत्नी म्हणाली. "पण तो पट्टा-टोपी घालून नका जाऊ. शिपायाच्या घराच्या दारात पोलीस आला म्हणून म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

मी धोतर नेसून, खांद्यावर उपरणे टाकून गेलो. माजघर आणि त्याला लागून असलेली बाळंतिणीची खोली, दोन्हींच्या भिंती उभ्या होत्या आणि वर निळे आभाळ. स्वयंपाकघराचे तेवढे छप्पर शिल्लक, त्याखाली चुलीशेजारी लेक भिंतीला टेकून बसलेली. दिवस अगदी भरत आले होते. आक्का मला पाहून उठल्या नाहीत, पदर सावरून म्हणाल्या, "बस बाबा. चटई त्या कोपऱ्यात घाल, तिथं ऊन लागत नाही."

"आक्का, हे काय झालं?"

"झालं म्हणजे काय, काम चाललंय. मेस्त्री येईल."

"कधी?"

"कुठं आजारी पडला असेल पाप, बिचारा. माणूस चांगला. आपल्यातलाच वाटला, मराठी बोलत होता. नोड, बघ बाबा, सुम्ने उगाच कुणावर संशय घेऊ नये."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गारा पडून गेल्यावर तो आपण होऊन दारात आला. वर पाहिले, मान हलवली. लोखंडी सळई घेऊन तुळईला टोचली, तर खाली भुसा पडला. "आक्का, वाळवीनं आतून खाल्लंय, पुढचा वारा आला की घर माणसांवर येईल," असे म्हणाला. दरबाराकडून धोक्याची घरे पाडायचा हुकूम निघणार आहे, त्याआधी उरकून घ्या, असेही सांगितले. लेकीचे दिवस भरत आल्याचे ऐकून म्हणाला, बाळंतपणाच्या आत नवे छप्पर घालून देतो. विसार म्हणून आक्कांनी घरात होते ते दिले. दुसऱ्या दिवशी तो दोन गडी आणि गाडी घेऊन आला, चांगली कौले, वासे, तुळया सगळे उतरवले, 'वखारीत कापून नवे लाकूड बदलून आणतो' म्हणाला आणि गेला.

तो भुसा कुठून आला हे मी तेव्हाच ओळखले. वाळवी लागलेल्या लाकडाचा भुसा मुठीत धरून आणायचा आणि सळई टोचताना सोडायचा, यात काही मोठी विद्या नाही.

"पण आक्का, तुम्ही नवं लाकूड दारात आल्याशिवाय जुनं उतरू दिलंत कसं? गल्लीतल्या कुणाला तरी बोलवायचं. कुणी जामीन?"

आक्का माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी परमुलखातला आहे. "जामीन कशाला? त्यानं बेलभंडारा उचलला."

आता हे मराठी वाचकाला फार सांगावे लागू नये, तरी सांगतो. आमच्या शिपाईघराण्यांतून करार कागदावर होत नसे. देव्हाऱ्यापुढे बेलाचे पान आणि खंडोबाची हळद, म्हणजे भंडारा, उजव्या हाताने उचलून जो शब्द देईल त्याचा शब्द पुरा होणार, यावर आमच्या आज्या-पणज्यांनी जमिनी वाटल्या आणि मुली दिल्या. बेलभंडारा उचललेल्या माणसाकडे पुन्हा जामीन मागणे म्हणजे देवाचा अपमान. माझ्या घरीही हेच शिकवलेले. दुसऱ्या कुठल्या जातीच्या घरात त्या मेस्त्रीला निदान दोन शेजारी साक्षीला बसवावे लागले असते. इथे त्याला एक पान आणि चिमूटभर हळद पुरली.

"बेलभंडारा तुम्ही मागितलात की तो म्हणाला?" मी विचारले.

"तोच म्हणाला की. 'आक्का, तुमच्या मनात शंका असंल तर भंडारा आणा, मी उचलतो.' मला काय वाटलं असंल सांग. असा माणूस फसवतो होय?"

मग लेक म्हणाली, "मामा, सरगूरहून निरोप आलाय, परत पाठवा म्हणून. बैलगाडीतून, या दिवसांत, नदी ओलांडून मी कशी जाऊ? आणि शेजारी कोण घेईल? दहा दिवसांची सोयर त्यांच्या देवघराला." तिने भीती लपवली नाही, आणि मला ते ऐकवेना. पहिलटकरीण, डोक्यावर आभाळ, आणि वळवाचे ढग रोज दुपारी जमत होते. आता त्या घरात मुद्दा एवढाच होता की मूल छपराखाली जन्मणार की उघड्यावर.

आक्का फिर्याद द्यायला मात्र तयार नव्हत्या. भंडारा उचललेल्यावर फिर्याद केली तर देवावर विश्वास नाही असे होईल, हा त्यांचा हट्ट. शेवटी मी म्हणालो, "आक्का, देव या करारातला साक्षीदार, खरं ना? पण आमच्या कायद्यात साक्षीदार आपण होऊन बोलत नाही. आधी फिर्यादी लागतो, मग साक्षीदाराला बोलावतात. तुम्ही फिर्याद दिल्याशिवाय देवाला समन्स कसं काढू?"

म्हातारी पहिल्यांदा हसली. "साकु, साकु, पुरे. वकिलासारखा बोलतोस. लिहून घे."

फिर्याद नोंदवली आणि तपास सुरू झाला. माझ्या हाताखाली एक दफेदार होते, वयाने माझ्यापेक्षा मोठे, स्वभावाने थंड, पान खात भिंतीला टेकून उभे राहिले की लोक त्यांना विसरूनच जात. आम्ही दोघांनी विचार केला. म्हैसूर राज्यात सागाला राजाचे झाड मानत. साग गाडीत घालून शहराबाहेर न्यायचा तर नाक्यावर परवाना दाखवावा लागे, मग लाकूड जुने असो वा नवे. तेव्हा माल अजून शहरातच असणार. आणि शहरात तर घरोघर लाकडाची निकड. चोराला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही, गिऱ्हाईकच त्याला शोधत असेल. मी दफेदारांना वखारी पाहायला सांगितले.

दफेदार एका वखारीच्या दारात पान चघळत उभे राहिले आणि त्यांना हवी होती ती तुळई दिसली. तिची खूण आक्कांनी फिर्यादीत सांगितली होती. आक्कांच्या सासऱ्यांची तलवार त्या तुळईला टांगलेली असे, आणि दर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की घरातल्या बायका तुळईलाही हळदीकुंकवाची बोटे लावत. वर्षानुवर्षांची ती बोटे लाकडात मुरली होती. वखारवाल्याने कबूल केले की एका मेस्त्रीने नमुना म्हणून ती ठेवली आहे, भाव ठरला की बाकीचा माल आणणार आहे. दफेदार तिथेच थांबले. मेस्त्री आला, आणि दफेदारांनी त्याला पान देऊन ठाण्यात आणले.

इसम चाळिशीचा, अंगाने सडपातळ, बोलणे अतिशय आर्जवी. मराठी एक अक्षर कळत नाही म्हणाला. सगळे कानडीत. "बुद्धी, मी गरीब माणूस. तुळई बाजारात एका गाडीवाल्याकडून घेतली. ती गल्ली मी पाहिलेली नाही." आमच्याकडे मालकाला आदराने बुद्धी म्हणतात. दर वाक्याला दोनदा बुद्धी. माझी अडचण अशी की आक्कांची नजर मोतीबिंदूने अधू, चेहरा नीट दिसत नसे, आवाजावरून ओळखीन म्हणाल्या, पण तो मराठी बोलायलाच तयार नाही. लेक परक्या पुरुषापुढे आली नव्हती, तिने पाठमोरा पाहिलेला. गल्लीतले लोक आपापल्या फुटक्या छपरांत गुंतलेले, त्याचा चेहरा कोणाच्याच ध्यानात राहिला नव्हता. एक तुळई हाती आली, पण बाकीच्या तुळया, वासे आणि कौले कुठे, हे त्याने सांगितल्याशिवाय कळणार नव्हते, आणि उशीर झाला तर ती विकून कुणाच्या तरी घरावर चढली असती.

ठाण्यातल्या एका जुन्या शिपायाने सुचवले, "स्वामी, मला जरा वेळ द्या." त्या सूचनेचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी नाही म्हणालो. मी साधू नव्हतो, पण अनुभव असा की मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवे ते सांगतो, खरे असेल तेच सांगेल असे नाही. मला मालाचा खरा पत्ता हवा होता. दिवसभर मी त्याला तेच प्रश्न उलटसुलट विचारले. कितीही विचारा, उत्तर तेच, फक्त बुद्धींची संख्या वाढे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या घरी रविवारी खंडोबाची पूजा असते, आणि मी ठाण्यात असलो की पत्नी डब्याबरोबर केळीच्या पानात भंडारा, बेल आणि गुळाचा खडा पाठवते. त्या दिवशीही आला. नेहमीप्रमाणे मी कपाळाला लावला आणि पान सगळ्यांपुढे फिरवले. दफेदारांनी लावला, रायटरने लावला. माझ्या डब्यातला सारू-भात मी कोठडीत दोघांना वाढायला सांगितला होता, त्याबरोबर ते पानही आत गेले. माझ्या मनात तेव्हा कसलाही डाव नव्हता हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

शेळीचोराने बोट बुडवून कपाळ पिवळे केले, गूळ तोंडात टाकला आणि आणखी आहे का म्हणून विचारले. मेस्त्रीने भात खाल्ला. सारू भुरकून प्यायला. आणि पान त्याच्यापुढे आले तेव्हा त्याने हात मागे घेऊन पाठीशी धरले.

"घे रे, प्रसाद आहे," शिपाई म्हणाला.

"नको."

"का? चामुंडीचा अंगारा घेतोस, हा का नको?"

तो पानाकडे पाहत राहिला आणि कानडीत म्हणाला, "त्यात बेल कशाला ठेवलाय?"

मी बाहेर जेवत होतो, ते शब्द कानावर आले आणि मी हात धुतला. कानडी मुलखात हळद कोण कपाळाला लावत नाही? हळदीत बेलाचे पान पाहून ज्याला धडकी भरते, त्याने बेलभंडारा काय असतो हे मराठ्याच्या घरात राहून शिकलेले असते, आणि दुसऱ्यांदा हात लावायची ज्याला भीती वाटते, त्याने पहिल्यांदा उचलून काय केले हे उघड आहे. मी कोठडीत जाऊन त्याच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदाच मराठीत बोललो.

"उचल. ही शपथ नाही, नुसता भंडारा आहे. का भितोस?"

त्याने पाठीमागचा उजवा हात पुढे केला. तळवा सोलवटून लाल झाला होता, कातडी निघाली होती. आणि चांगल्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "मालक, आक्काच्या घरी उचलला त्यानंतर हे झालं. झोप नाही मला. देव माझा नव्हता म्हणून उचलला हो. मला काय माहीत, तो सगळ्यांचाच असतो."

तळव्याला झाले होते ते चुन्याने. कौलांच्या आढ्यावरचा जुना चुना उघड्या हाताने ओरबाडला की कोणाचाही हात असाच होईल. हे मला माहीत होते, पण त्या वेळी वैद्यकी सांगायची माझी जबाबदारी नव्हती.

तो लहानपणी एका मराठी घरात गोठ्यावर राहिलेला निघाला. भंडाऱ्यावर भांडणे मिटताना त्याने पाहिली होती. गारा पडल्यावर त्याच्या डोक्यात आले, की या लोकांना सुतारकाम दाखवावे लागत नाही, शपथ दाखवली की पुरते. सुतारकाम त्याला मुळी येतच नव्हते, नुसते उतरवणे येत होते. बाकीचा माल शहराच्या कडेला एका बंद पडलेल्या वीटभट्टीत, गवताखाली होता. त्याच दुपारी आम्ही पंचांसह गेलो, माल काढला, महजर केला, म्हणजे तुमच्याकडचा पंचनामा, आणि तिथेच राखण करत बसलेले त्याचे दोन साथीदारही ताब्यात घेतले.

आता मला वाटले, जिंकलो. पण रायटरने तुळयांना लाखेचे शिक्के मारून चिठ्ठ्या बांधायला घेतल्या तेव्हा लक्षात आले, की हा मुद्देमाल आहे. खटला चालेपर्यंत तो कोर्टाच्या ताब्यात. आणि खटला कधी उभा राहील हे खंडोबालाही सांगता आले नसते. चोराकडून सोडवून आणलेले छप्पर आता सरकारने अडकवून ठेवले होते.

मॅजिस्ट्रेट फार करडे गृहस्थ. मी अर्ज घेऊन उभा राहिलो. माल सुपुर्दनाम्यावर फिर्यादीच्या ताब्यात द्यावा, अशी विनंती केली.

"मुद्देमालात फेरफार झाला तर?" त्यांनी विचारले.

"होणार नाही, स्वामी."

"बाई तो ठेवणार कुठे? तिला जागा आहे?"

"आहे, स्वामी. तिच्या घराच्या छपरावर. तिथे एकदा बसवला की पिढ्यान् पिढ्या हलत नाही."

ते हसले नाहीत. पण चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि अर्जावर सही केली.

ही बातमी घेऊन मी आक्कांकडे गेलो, तर तिथे निराळेच. आक्का म्हणाल्या, "छप्पर कोण घालणार?"

"चांगले आचारी बघतो मी, ओळखीचे," मी म्हणालो. आमच्याकडे सुताराला आचारी म्हणतात.

"अदु सरी, ते बरोबर. पण त्यालाही आण."

"कुणाला? चोराला?"

"अरे, त्यानं भंडारा उचलून शब्द दिलाय, बाळंतपणाच्या आत छप्पर घालीन म्हणून. दिवस अजून गेलेले नाहीत. आता तुम्ही दुसऱ्याकडून घातलंत तर त्याचा शब्द कायमचा खोटा पडेल. मग देव त्याला सोडेल का? त्याला पण पोरंबाळं असतील."

मी वाद घातला, कारण मला ते वेडेपणाचे वाटले. ज्याने तुमच्या लेकीला उघड्यावर टाकले त्याची काळजी तुम्हाला कशाला, असे मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. त्यावर म्हातारी एवढेच म्हणाली, "माझ्या देव्हाऱ्यापुढं उचललाय. पाप लागलं तर माझ्या घरातून लागल्यासारखं होईल."

मी पुन्हा मॅजिस्ट्रेटांपुढे उभा राहिलो. या वेळी ते हसले. लेखी परवानगी मिळाली, आणि दफेदारांच्या पहाऱ्यात तो इसम आक्कांच्या घरी आला. आचाऱ्यांनी तुळया चढवल्या, वासे जोडले, आणि तो शिडीवरून कौले वाहून देत राहिला. कोणी त्याला काम सांगितले तर 'हौदु', म्हणजे हो, म्हणे, बाकी तोंड उघडत नसे. दुपारी आक्का त्याच्या हातावर खोबरेल घालीत. गल्लीतले लोक हे पाहायला गोळा होत, आणि दफेदार त्यांना पांगवता पांगवता स्वतःच दोन-चार कौले चढवून देत. कौले पुरी झाली तेव्हा त्याने खाली उतरून देव्हाऱ्यापुढे डोके टेकले आणि रडला. मी पाठ फिरवून अंगणात गेलो.

त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली. मुलगी झाली. त्या दिवशी जोराचा पाऊस होता, आणि खोलीत एक थेंब आला नाही, असे माझ्या पत्नीने मला ठाण्यात निरोप पाठवून कळवले.

खटला यथावकाश उभा राहिला. मुद्देमाल कोर्टात आणता येईना, म्हणून मॅजिस्ट्रेट स्वतः पाहायला आले. सोबत मी, रायटर, दोन्ही वकील. आम्ही आत पाऊल टाकले आणि मी वर पाहिले. हळदीकुंकवाच्या बोटांची ती मुख्य तुळई, तिला लाखेचा शिक्का आणि आमची चिठ्ठी तशीच लटकत होती, आणि चिठ्ठीच्या शेजारी दोन दोऱ्या बांधून पाळणा टांगला होता. पाळण्यात मूल मुठी चोखत पडले होते. आरोपीचा वकील लगेच म्हणाला, मुद्देमालाचा परवानगीवाचून वापर झाला आहे. मॅजिस्ट्रेटांनी वर पाहिले, खाली पाहिले, पाळण्याला हलकेच एक झोका दिला आणि आपल्या टिपणात लिहून घेतले, की मुद्देमाल जागेवर असून भार सोसण्यास समर्थ आहे. आरोपीला शिक्षा झाली, पण छप्पर घालून दिल्याचे ध्यानात घेऊन ती हलकी झाली. सुटल्यावर तो त्याच आचाऱ्यांकडे कौले चढवण्याच्या कामाला लागला, आणि पुढे त्याने ते काम खरोखर शिकून घेतले.

आता लोक मला विचारतात, अशा ठकांपासून सांभाळायचे कसे. वादळानंतर जो न बोलावता दारात येतो, त्याला आधी विचारा की या गल्लीत याआधी कोणाचे छप्पर घातलेस, आणि ते जाऊन पाहा. नवे लाकूड अंगणात पडल्याशिवाय जुन्याला हात लावू देऊ नका. लाकूड पोखरलेय म्हणाला तर सळई स्वतःच्या हातात घ्या. घाई करणाऱ्याला उद्या ये म्हणावे. खरा कारागीर उद्याही येतो. आणि शपथ घ्यायचीच असेल तर जरूर घ्या, पण शेजाऱ्यांना बोलावून घ्या. देवाला त्याचा राग येत नाही. आक्कांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, तुझं खरं. पण बेल नसता तर तुझा चोर बोलला असता का?"

तोवर मी समजत होतो की आरोपी सापडला, माल सापडला, की पोलिसाचे काम संपले. वीटभट्टीवरून परतताना मी खुशीत शीळ घालत होतो, आणि त्या वेळी आक्कांची लेक चुलीजवळ आभाळाकडे बघत बसलेली होती. त्यानंतर माझ्या ठाण्यात जो कोणी फिर्याद घेऊन आला, त्याला मी बसवून आधी एकच प्रश्न विचारत असे, की आज रात्री निजणार कुठे. त्याचे उत्तर मिळाले की मगच मी चोर दिसायला कसा होता ते विचारी.